एका अक्षराचं खातं

मोठ्या शब्दांनी सहसा कुणाचं वाकडं होत नाही, असं बँकेच्या काउंटरमागे बावीस वर्षं काढल्यावर माझं मत बनलं आहे. 'अनुत्पादक मालमत्ता' हा शब्द मी एखाद्या कर्जदाराला ऐकवला, तर त्याचा गैरसमज होत नाही. कारण गैरसमज व्हायला आधी थोडा तरी समज व्हावा लागतो. तो मान हलवतो, मीही हलवतो, आणि दोघंही सुखानं आपापल्या घरी जातो. घात करतात ते लहान शब्द. 'बरं', 'बघू', 'उद्या'. नुसत्या 'उद्या'वरून माझी गिऱ्हाइकांशी जेवढी भांडणं झाली, तेवढी व्याजाच्या दरावरून झाली नाहीत. मला 'उद्या' म्हणजे 'आज नाही' एवढंच म्हणायचं असतं. समोरचा मात्र खरोखरच दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला येऊन उभा राहतो. आता यात चूक कुणाची? बोलणाऱ्याची, की ऐकणाऱ्याची?

हा प्रश्न मी गमतीनं विचारत नाही. (सवयीनं गमतीनं विचारला गेला असेल तर माफ करा.) गेलं वर्षभर या प्रश्नानं माझी पाठ धरली आहे, आणि त्याला कारणीभूत आहे तो सगळ्या लहान शब्दांतला सर्वांत लहान, एका अक्षराचा, ना काना-मात्रेचा थाट ना जोडाक्षराचा रुबाब असलेला एक शब्द. काना आहे, पण एकच. तो शब्द म्हणजे 'बा'.

आधी माझी थोडी कुळकथा सांगतो. मी मूळचा सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातला. आमच्याकडे पाऊस हा ऐकीव विषय आहे. शिक्षण साताऱ्यात, म्हणजे वाणिज्य शाखेची पदवी. आणि नोकरीनं फिरत फिरत आता सांगलीत. साताऱ्याहून सांगली म्हणजे काही परदेश नव्हे. सांगलीचा हा जिल्हा १९४९ साली निर्माण झाला तेव्हा त्याचं नावच मुळी 'दक्षिण सातारा' होतं. ते बदलून 'सांगली' झालं १९६० साली. म्हणजे माझी बदली खरं तर साताऱ्यातून साताऱ्यातच झाली, फक्त अकरा-बारा वर्षांचा हिशेब चुकला. कृष्णा नदीनंही हीच बदली घेतली आहे. महाबळेश्वराला निघायचं, वाई, माहुली, कऱ्हाड करत सांगलीला यायचं. फरक एवढाच, की मी सांगलीत थांबलो आणि ती पुढं कर्नाटकात गेली. त्यामुळं तिला कानडी येतं, मला येत नाही. या लेखातले बरेचसे घोटाळे या एका कारणानं झाले आहेत.

हा सगळा मुलूखच नात्याच्या हाकांचा. कर्मवीर भाऊराव पाटील हे 'अण्णा', वसंतराव पाटील हे 'दादा', आणि प्रतिसरकारवाले क्रांतिसिंह हे तर सरळ 'नाना' पाटील. आमच्याकडे एकदा उत्तरेतले एक साहेब बदलून आले होते. त्यांच्या हिंदीत दादा म्हणजे वडिलांचे वडील आणि नाना म्हणजे आईचे वडील. त्यांनी पहिल्या आठवड्यात मला हळूच विचारलं, "तुमच्याकडे सगळे पुढारी आजोबाच का?" मी म्हटलं, "साहेब, आजोबा नव्हेत, हे आमचे थोरले भाऊ." पुढं त्यांना कुणीतरी सांगितलं, की कानडीत 'अण्णा' म्हणजे थोरला भाऊ आणि 'ताई'सारखा ऐकू येणारा शब्द म्हणजे आई. त्यावर साहेबांनी मराठी शिकण्याचा नाद सोडला आणि सगळ्यांना 'जी' लावायला सुरुवात केली. सुखी माणूस.

पण मी 'बा'बद्दल सांगत होतो.

मी शाळेत असताना गांधीजींवरच्या धड्यात 'बा आणि बापू' असा उल्लेख आला. आमच्या वाडीत 'बा' म्हणजे बाप आणि 'बापू' म्हणजे चुलता. तेव्हा हे दोघे भाऊ-भाऊ असून दोघं मिळून देशाचं काम करतात, अशी माझी पक्की समजूत झाली, आणि तशी मी ती उत्तरपत्रिकेत लिहूनही आलो. गुजरातीत 'बा' म्हणजे आई, आणि पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये २२ फेब्रुवारी १९४४ रोजी वारल्या त्या कस्तुरबांना सारा देश 'आई' म्हणत होता, हे मला पुष्कळ उशिरा समजलं. समजलं, पण मुरलं नाही. मुरलं असतं, तर सांगलीतला तो प्रसंग टळला असता.

हळदीच्या पेठेतले एक गुजराती शेटजी नोव्हेंबरात माझ्याकडं आले. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांनी आपण जिवंत असल्याचं लिहून देण्याचा महिना. शेटजी म्हणाले, "साहेब, बांचा हयातीचा दाखला राहिलाय. बांना चालवत नाही. घरी येऊन सही घेता का?" घर माझ्या वाटेवरच होतं. कोरा फॉर्म खिशात घालून संध्याकाळी गेलो. दार उघडलं ते एका पांढऱ्या साडीतल्या वृद्ध बाईंनी. मी अदबीनं म्हटलं, "बा आहेत का?"

"मीच बा."

मला वाटलं, यांना ऐकू कमी येतं. आवाज चढवून म्हटलं, "तुमचे यजमान! त्यांचा हयातीचा दाखला घ्यायचाय!"

बाई शांतपणे म्हणाल्या, "ते जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांच्या मागं मला पेन्शन मिळते ना, बेटा."

अकरा वर्षांपूर्वी गेलेल्या गृहस्थांचा हयातीचा दाखला त्यांच्या पत्नीकडं मागणारा माझ्याइतका कर्तव्यदक्ष कारकून त्यांनी पाहिला नसावा. पण माउलीनं रागावण्याऐवजी चहा केला, सही केली, आणि निघताना मलाच विचारलं, "तुझा बा कसा आहे?" हे त्यांनी मुद्दाम मराठीतला 'बा' वापरून विचारलं, की मी त्यांच्या 'बा'ची चौकशी केली म्हणून त्यांनी माझ्या आईची केली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी दोघांच्याही वतीनं 'बरं आहे' असं सांगून निघालो. खरं म्हणजे आई तेव्हा नव्हती.

दुसरा प्रसंग बँकेतलाच. जत तालुक्यात कानडी बोलणारी गावं पुष्कळ आहेत. तिकडचे एक शेतकरी काउंटरपाशी अंगठा लावायला उभे होते. अंगठा यंत्रावर, आणि तोंड दाराकडं करून ते जिवाच्या आकांतानं ओरडत होते, "बा! बा!" आमचा शिपाई खटावकडचा, नवा आलेला. मायाळू माणूस. त्याच्या पोटात तुटलं. तो धावत आला.

"काय झालं वो पावनं? बा हरवला का तुमचा?"

शेतकऱ्याला मराठीतला 'हरवला' तेवढा कळला असावा. त्यानं जोरात मान हलवली. शिपायानं बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांना उठवून त्याच्यापुढं उभं केलं. दोन्ही नापास. मग शिपाई म्हणाला, "निशानी सांगा. केवढा हाय बा?" आणि हातानं उंची विचारली. शेतकऱ्यानं अंगठा यंत्रावर तसाच ठेवून दुसऱ्या हातानं उंची दाखवली. गुडघ्याच्या जरा वर.

"येवढाच?" शिपाई चकित झाला. तेवढ्यात पाण्याच्या टाकीमागून हातपाय भिजवून घेतलेलं एक चार-पाच वर्षांचं पोर बाहेर आलं, आणि शेतकरी त्याच्याकडं हात करून शेवटचं "बा!" म्हणून हसला. कानडीत 'बा' म्हणजे 'ये'. लहानांना, जवळच्यांना 'बा'; तुम्हाआम्हाला 'बर्री' किंवा 'बन्नि'. शिपाई मात्र पुढं आठवडाभर सांगत होता, की कानडी लोकांत पोराला बा म्हणतात.

हे सगळं मी रात्री जेवताना सांगितलं, तेव्हा माझ्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला चेव आला. आजकालच्या मुलांना जगातलं काहीही अर्ध्या तासात सापडतं, फक्त स्वतःचे मोजे सापडत नाहीत. तिनं यादीच आणली. फारसीत 'बा' म्हणजे 'सह', म्हणून 'बाअदब', 'बाइज्जत' आणि 'बाकायदा'. (बँकेत आम्ही वर्षानुवर्षं 'बाकायदा' काम करतो, ते कायद्यासह असतं हे मला त्या दिवशी कळलं.) चिनी भाषेत हाच उच्चार सपाट, चढ्या सुरात केला तर आठ, वरून खाली पाडला तर बाप, आणि वाक्याच्या शेवटी सूर न लावता सोडून दिला, तर नुसतं बोलणं मऊ करायला. म्हणजे आपण 'मला नाही बा जमणार' किंवा 'नको रे बा' म्हणतो, त्याचा चिनी मावसभाऊच म्हणायचा. आणि प्राचीन इजिप्तमधल्या लोकांचा 'बा' म्हणजे माणूस मेल्यावर मागं उरणारा त्याच्या आत्म्याचा एक भाग. चित्रात तो माणसाच्या तोंडाचा पक्षी असा काढत.

कोपऱ्यात माझे वडील भाकरी कुस्करत बसले होते. ते एवढंच म्हणाले, "म्हंजी कावळाच की."

मी वाणिज्य शाखेचा माणूस. पण अशा वेळी माणसाला तत्त्वज्ञान सुचतं. शब्दात अर्थ असतो कुठं? आपल्याकडं यावर मोठी भांडणं होऊन गेली आहेत. मीमांसक म्हणत, शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य आहे, कुणी तो केलेला नाही. नैयायिक म्हणत, छे, तो संकेत आहे. या शब्दानं हे समजावं, असं ठरलेलं असतं. मला नैयायिकांचं म्हणणं जास्त पटतं, कारण ते परिपत्रकासारखं आहे. वरून आलं, की त्याप्रमाणं समजायचं. पण दोघांपैकी कुणीच आमच्या काउंटरवर बसलेलं नाही. बसले असते, तर त्यांना तिसरी गोष्ट दिसली असती. ती म्हणजे दुहेरी नोंद.

वाणिज्याच्या पहिल्याच वर्षी शिकवतात, की प्रत्येक व्यवहाराच्या नोंदी दोन. तुम्ही बँकेत हजार रुपये ठेवलेत. तुमच्या दृष्टीनं ती मालमत्ता, आमच्या दृष्टीनं ते देणं. पासबुकात आम्ही ते 'जमा' लिहितो, आणि तुम्ही स्वतःची वही नीट ठेवत असाल, तर तीच रक्कम तुम्ही बँकेच्या 'नावे' टाकता. एकच हजार, एकच दिवस, शब्द मात्र उलटे, आणि तरीही कुणी खोटं बोलत नाही. शब्दाचंही तसंच असावं, असं मला वाटू लागलं. एक नोंद बोलणाऱ्याच्या वहीत, एक ऐकणाऱ्याच्या. दोन्ही जुळल्या, तर अर्थ. नाही जुळल्या, तर शिपाई म्हाताऱ्यांना बाकावरून उठवतो. दोष कुणाचाच नाही. संध्याकाळी बसून फरक शोधायचा आणि दुरुस्त करायचा.

हा सिद्धांत मी चार जणांना ऐकवला. सगळ्यांना आवडला. मी तो कुठंतरी छापायलाही पाठवणार होतो. तो मोडला माझ्या घरातच.

वडील गेल्या वर्षापासून आमच्याकडं आहेत. आई गेल्यावर वाडीत एकटे राहत होते. फार मिनतवाऱ्या करून सांगलीला आणलं. दिवसभर ते गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. खाली विजापूरकडचं एक कानडी कुटुंब राहतं. त्या घरची आजी रोज दिवेलागणीला अंगणात उभी राहून नातवाला हाक मारते, "बा, बा!" आणि रोज दिवेलागणीला वरून, गॅलरीतून, माझे वडील म्हणतात, "ओऽ."

पहिल्यांदा आम्ही पोट धरून हसलो. दुसऱ्यांदाही. आठवड्यानंतर मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा गैरसमज दूर करणं हे आपलं कर्तव्य आहे. मी गॅलरीत जाऊन त्यांना माझा सिद्धांत थोडक्यात सांगितला आणि म्हटलं, "बाबा, ती तुम्हाला हाक मारत नाही. कानडीत बा म्हणजे ये."

"ठाव हाय मला," वडील म्हणाले. "खरसुंडीच्या जत्रेला खोंडं इकायला जात हुतो न्हवं? तिथं गिऱ्हाईक समदं कानडीच. रुमालाखाली बोटं दाबून भाव करायचा, आन् तोंडानं बा, बा म्हनायचं. चाळीस वर्सं आईकलंय."

"मग ओ कशाला देता?"

वडिलांनी खाली अंगणाकडं पाहिलं. पोर आजीच्या पदराला हात पुसत होतं.

"कुनीतरी हाक मारती. ओ द्यायाला काय पैसं पडत्यात?"

एवढंच. त्यांनी तक्रार केली नाही, की माझ्याकडं पाहिलं नाही. पण दुहेरी नोंदीतला एक फरक माझ्या ध्यानात आला, आणि तो त्या दिवसाचा नव्हता. सत्तावीस वर्षांपूर्वीचा होता.

आमच्या घरात 'बा' म्हणायचे. वाडीतली इतर पोरं तेव्हाच 'पप्पा'वर गेली होती, पण आमच्याकडं आजोबांना वडील 'बा' म्हणत, म्हणून आम्ही वडिलांना 'बा' म्हणायचो. आणि 'बा' म्हटलं, की पुढं 'तू' आलंच. "बा, तू कवा आलास?" "बा, मला चप्पल घे." या शब्दाबरोबर 'तुम्ही' बसतच नाही. मग मी साताऱ्याला कॉलेजात गेलो. वसतिगृहात माझ्या खोलीत तिघं होते. तिघांचेही वडील 'बाबा' किंवा 'पप्पा' होते, एकाचे तर 'डॅडी'. पहिल्याच महिन्यात एका रविवारी बा एस.टी.नं आला. डोक्याला पटका, हातात भाकरीचं गाठोडं, ठेच्याचा वास जिन्यापासून. खोलीतल्यांनी विचारलं, "कोण रे?"

मी म्हटलं, "हे आमचे वडील."

आणि बानं मागं वळून बघितलं. आपल्यामागून आणखी कोण आलं आहे, ते.

मागं कुणी नव्हतं. मग त्यांच्या ध्यानात आलं. ते हसले, गाठोडं कॉटवर ठेवलं, आणि "बरं हाय न्हवं तुमचं?" असं मला म्हणाले. मला! 'तुमचं'! मी ते तेव्हा शहरी रीतीचं कौतुक समजलो. त्यानंतर मी त्यांना 'बाबा' आणि 'तुम्ही' म्हणू लागलो. त्यांनी एकदाही हरकत घेतली नाही. लग्नपत्रिकेत 'तीर्थरूप' छापलं, तेही त्यांनी वाचून घेतलं.

आता मला सांगा, यात मी खोटं काय बोललो? 'हे आमचे वडील' यातला एक शब्द खोटा नाही. शब्दकोशात बघा, 'बा' आणि 'वडील' या दोहोंचा अर्थ एकच. उलट 'वडील' जास्त आदराचा. अनेकवचन, 'तुम्ही', सगळं व्यवस्थित. परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क पडतील. आणि तरीही तो शब्द मी आदरासाठी उच्चारला नव्हता. पटका घातलेला माणूस आणि मी यांच्यामध्ये थोडं अंतर पडावं, म्हणून उच्चारला होता. कोशातला अर्थ बरोबर होता. ज्याला तो लावला त्याला मागं वळून बघावं लागलं. हळदीच्या पेठेत मी चुकीच्या अर्थानं 'बा' म्हणालो, तिथं मला चहा मिळाला. साताऱ्यात अगदी बरोबर शब्द वापरला, आणि एका माणसाची हाक गेली. म्हणजे चूक शब्दात नसते आणि अर्थातही नसते. मग कुठं असते, हे तुम्हाला कळलंच असेल; मला कळायला पंचेचाळिशी यावी लागली.

मुलीनं आणलेल्या यादीत आणखी एक गोष्ट होती, ती तेव्हा मी सोडून दिली होती. रोमन याकोबसन नावाचे एक मोठे भाषाशास्त्रज्ञ होऊन गेले. आई-बापांना हाक मारायचे शब्द देशोदेशी 'मामा', 'पापा', 'बाबा' असेच का असतात, याचं उत्तर त्यांनी १९६० च्या सुमाराला मांडलं. म्हणणं साधारण असं, की मिटलेले ओठ उघडले की जे आवाज सहज निघतात, ते बाळ काढत असतं. मोठी माणसं त्यातून आपली नावं घडवतात. मी याचा माझ्यापुरता अर्थ असा लावला, की कुठल्याही बाळानं पहिला 'बा' बापाला उद्देशून म्हटलेला नसतो. ते नुसते ओठ उघडत असतं. बापच 'ओ' देतो, आणि त्या 'ओ'मुळं तो शब्द होतो. माझ्याही बाबतीत कधीतरी, माणमधल्या त्या घरात, असंच झालं असणार. माझ्या तोंडातून निव्वळ लाळेबरोबर निघालेल्या एका आवाजाला एका माणसानं, तो आपल्यासाठी नाही हे माहीत असूनही, 'ओ' दिली होती. ती सवय त्यांनी सोडली नाही. रोज दिवेलागणीला गॅलरीत तेच चाललं होतं.

बँकेत असं आहे, की बचत खात्यावर खातेदारानं दोन वर्षांहून जास्त काळ काहीच व्यवहार केला नाही, तर ते निष्क्रिय होतं. दहा वर्षं तशीच गेली, तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या एका निधीकडं जातात. ही योजना २०१४ सालची. लोक घाबरून येतात, म्हणतात, गेले का आमचे पैसे? मी त्यांना समजावतो, अहो, जात नाहीत. खातेदारानं किंवा त्याच्या वारसानं यावं, ओळख पटवावी, अर्ज करावा. हक्क बुडत नाही. हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी कुणाला तरी सांगतो. स्वतःला सांगायला सत्तावीस वर्षं लागली.

खातं पुन्हा चालू करणं मात्र सोपं नव्हतं. 'बा' हा शब्द तोंडातून निघेना. पंचेचाळीस वर्षांच्या, चष्मा लावलेल्या, वरिष्ठ वेतनश्रेणीतल्या माणसानं अचानक 'बा' म्हणायचं म्हणजे काय! दोन दिवस न्हाणीघरात नळ सोडून सराव केला. बायकोनं बाहेरून विचारलं, "उलटी होतेय का?" तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गॅलरीत गेलो. खाली आजीची हाक अजून झाली नव्हती. मी म्हटलं, "बा..."

वडिलांनी मागं वळून पाहिलं नाही. सरळ माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ. मग म्हणाले,

"किती पायजेत?"

"काय किती?"

"पैसं. बा म्हनलास म्हंजी कायतरी मागायचं आसनार. चप्पल तुटली का?"

मी हसलो, तेही हसले. पैसे नकोत म्हटलं, तरी त्यांनी कोपरीच्या खिशातून घडी घातलेली शंभराची नोट काढून माझ्या हातावर ठेवलीच. ती मी घेतली. खातं चालू करायला आरंभी थोडी रक्कम भरावीच लागते, असा आमच्याकडंही नियम आहे.

परवाची गोष्ट. सकाळी कामावर निघताना मी चपला घालता घालता सवयीनं म्हटलं, "येतो." मग आठवण होऊन पुढं जोडलं, "येतो, बा." खालच्या अंगणात आजी नातवाला शाळेत पाठवत होती. तिच्याकडं निरोप देताना 'जा' म्हणत नाहीत; 'होगि बा' म्हणतात, म्हणजे 'जाऊन ये'. तिचं ते म्हणून झालं, आणि गॅलरीतून वडील मला म्हणाले,

"होगि बा."

मी त्यांना बाप म्हटलं होतं. त्यांनी मला 'ये' म्हटलं. एकाच अक्षराच्या दोन नोंदी, दोन निराळ्या भाषांतल्या, आणि दोन्ही वह्या पैशापैशानं जुळत होत्या. त्या दिवशी बँकेत पोचायला मला सात मिनिटं उशीर झाला. साहेबांनी कारण विचारलं. मी म्हटलं, "उद्या सांगतो."